मुळा-प्रवरा : तारा कोणाच्या, वीज कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



३१ जानेवारी २०११ रोजी मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटीचा वीजवितरणाचा परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून श्रीरामपूर-राहुरी परिसराचा वीजपुरवठा महावितरण कंपनीकडे गेला. ग्रामीण भागात स्वतःच्या तारांनी वीज वाटणारी महाराष्ट्रातील ही सहकारी संस्था चार दशके चालली. ती थांबली तेव्हा महावितरणचे तिच्याकडील येणे दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेले होते. त्या वेळी दोन सूर ऐकू आले. एक सूर असा की सहकारात राजकारण शिरले म्हणजे शेवट असाच व्हायचा. दुसरा असा की शेतकऱ्यांची संस्था सरकारी कंपनीने गिळली. दोन्ही सुरांत संताप होता. परंतु संस्थेचे नेमके काय बिघडले हे त्या संतापातून कळत नव्हते. कार्यकर्त्याला ते कळणे अगत्याचे आहे. खेड्यातील वीज कोणाच्या हाती असावी, या प्रश्नावर आजही रोज निर्णय होत आहेत आणि ते घेताना मुळा-प्रवरेचे नाव केवळ भीती घालण्यासाठी घेतले जाते.

या संस्थेच्या कल्पनेचा उगम प्रवरेच्या काठी नाही, अमेरिकेत आहे. आणि तोही तेथील भांडवलशाहीच्या भरभराटीत नव्हे, तर महामंदीत आहे. १९३५ साली अमेरिकेतील दर दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. शहरे उजळली होती, पण खासगी वीज कंपन्यांचे म्हणणे असे की खेड्यात मैलभर तार ओढावी तेव्हा तीन-चार गिऱ्हाइके मिळतात, हा धंदा परवडत नाही. मे १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र प्रशासन स्थापन केले आणि पुढील वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. स्वस्त कर्जाची सोय झाली म्हणजे कंपन्या पुढे येतील अशी प्रारंभी अपेक्षा होती. कंपन्या फारशा आल्या नाहीत. शेतकरी मात्र आले. पाच डॉलर वर्गणी भरून त्यांनी संस्था काढल्या, खांब उभे केले. संस्थांचे काम सुरू झाल्याचे पाहताच कित्येक कंपन्यांनी त्याच टापूतील चार सधन शेतांपर्यंत घाईघाईने आपल्या तारा नेल्या, म्हणजे मागे उरलेल्या गरीब शेतांवर संस्था बुडावी. या तारांना तेथे ‘आकसाच्या तारा’ असे नाव पडले होते. तरीही १९५०च्या दशकाच्या मध्यास दहापैकी नऊहून अधिक शेतांवर वीज पोचली. आज त्या देशात अशा सुमारे नऊशे संस्था आहेत.

हे यश केवळ सहकाराच्या भावनेवर उभे राहिलेले नव्हते. त्यामागे दोन भक्कम गोष्टी होत्या. पहिली, संपूर्ण टापू व्यापण्याचे बंधन : फायद्याची शेते वेचून घ्यायची नाहीत, वाटेतले प्रत्येक घर घ्यायचे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टेनेसी खोऱ्यासारख्या सार्वजनिक प्रकल्पांची वीज विकताना सहकारी संस्थांना कायद्यानेच अग्रक्रम दिला होता आणि पुढे अनेक वितरणसंस्थांनी एकत्र येऊन वीजनिर्मितीच्या सहकारी संस्थाही काढल्या. म्हणजे तार संस्थेची होतीच, पण तारेतून वाहणाऱ्या विजेचा भावही तिला हात जोडून मागावा लागत नव्हता. भारतात कल्पना आली तेव्हा पहिली गोष्ट तिच्याबरोबर आली. दुसरी आली नाही.

ती आली १९६९ साली. व्यंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा समीक्षा समितीने शेतीच्या कर्जाचा विचार करताना ध्यानात आणून दिले की विहिरीवर वीज नसेल तर विहिरीसाठी दिलेले कर्ज फिटणार नाही. त्या शिफारशीतून जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि प्रयोग म्हणून पाच सहकारी वीजसंस्था उभारण्याचे ठरले : आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. अमेरिकेतील ग्रामीण वीजसंस्थांच्या राष्ट्रीय संघटनेचे तज्ज्ञ सल्ल्याला होते. महामंडळाच्या भांडवलात अमेरिकी धान्याच्या विक्रीतून साठलेल्या रुपयांचा मोठा वाटा होता. दुष्काळाच्या काळात नाके मुरडत ज्यांनी तो गहू आणि मिलो खाल्ला, त्यांच्याच पैशातून विजेचे खांब आले, असे म्हणायला हरकत नाही.

प्रवरेचे खोरे या प्रयोगासाठी निवडले जाणे स्वाभाविक होते. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि प्रवरेचे कालवे यांनी या दुष्काळी मुलखात ऊस आणला होता. प्रथम तो खासगी साखर कंपनीच्या मळ्यात आला. मग १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याला भागभांडवल, सर्वसाधारण सभा, संचालक मंडळ हे शब्द परके राहिलेले नव्हते. मुळा नदीवर राहुरीजवळ मोठे धरण उभे राहत होते, तेथेच कृषी विद्यापीठही आले होते. आणि १९६९ साली दिल्लीत नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद ज्यांच्याकडे होते ते गाडगीळच होते. श्रीरामपूर व राहुरी हे तालुके आणि त्यांच्या शेजारच्या तालुक्यांतील काही गावे मिळून संस्थेचा टापू ठरला. दोन नद्यांची नावे घेऊन संस्था उभी राहिली.

तिने काय केले, हेही नोंदवले पाहिजे. थकबाकीचा आकडा एवढा मोठा आहे की त्याच्या सावलीत आधीचे काम दिसेनासे होते. विहिरीवर मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले होते. ते डिझेल पीत होते, बंद पडले की मिस्त्री शोधावा लागत होता आणि ते घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. वीज आली तेव्हा मध्यम शेतकऱ्यालाही मोटर घेता येऊ लागली. १९७२च्या दुष्काळाने विहिरी खोल नेल्या. त्या खोलीवरून पाणी उपसणे विजेवाचून अवघडच होते. गिरण्या, दुधाची शीतकेंद्रे, दुरुस्तीची लहान दुकाने यांना आधार मिळाला. कार्यालय श्रीरामपुरात असल्याने तक्रार घेऊन मुंबईच्या वाटेला लागावे लागत नव्हते. ग्रामीण वीज ही दयेची बाब नसून संघटित शेतकऱ्यांनी चालवायची सेवा आहे, ही गोष्ट निदान पहिल्या काही वर्षांत लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

मग मीटर गेला.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात शेतीपंपांना अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मोटर किती अश्वशक्तीची, एवढे पाहायचे आणि वर्षाची ठरावीक रक्कम घ्यायची. वीज किती जळली हे पाहायचे नाही. कारणे वरकरणी पटण्यासारखी होती. माळरानावर विखुरलेले मीटर वाचायला माणसे लागतात, मीटर बिघडतात, बिलावर तंटे होतात. शेतकरी संघटनांनाही हे सोयीचे वाटले आणि डाव्या पक्षांनीही फारसा विरोध केला नाही. स्वस्त वीज हा शेतकऱ्याचा हक्क, मग ती मोजायची कशाला, असा तो विचार होता. या विचारात एक घोटाळा होता. स्वस्त देणे वेगळे आणि न मोजता देणे वेगळे. फुकट द्यावयाचे धान्यसुद्धा रेशन दुकानात तोलूनच दिले जाते.

परिणाम काय झाला? पाच अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे चार युनिट वीज घेते. वर्षात ती पाचशे तास चालली तर दोन हजार युनिट होतात. दोन हजार तास चालली तर आठ हजार. दोघा शेतकऱ्यांचे बिल मात्र एकच. पहिला शेतकरी ज्वारी-बाजरीचा, विहिरीला चार महिनेच पाणी असलेला. दुसरा कालव्याच्या आसपासचा, उसाचा. म्हणजे कोरडवाहूच्या बिलातून बागायतीच्या विजेला हातभार लागू लागला, आणि हे सर्व ‘गरीब शेतकऱ्याला सवलत’ या नावाखाली. एकदा ठरावीक रक्कम भरली की पुढच्या प्रत्येक युनिटची किंमत शून्य. तेव्हा पाणी वाचवण्याचे किंवा मोटरीला कपॅसिटर बसवण्याचे कारणच उरले नाही. दाब उतरला, मोटारी जळू लागल्या, डीपीवर भार वाढून तीही जळू लागली. डीपी जळाली की त्रास पुन्हा सर्वांत आधी लहान शेतकऱ्याला. मोठ्याकडे दुसरी विहीर असते, जुने इंजिन असते, वायरमनशी ओळखही असते.

हे संकट राज्य वीज मंडळावरही आले होते. पण मंडळ आणि संस्था यांच्यात एक फरक होता आणि मुळा-प्रवरेची सगळी गोष्ट त्या फरकात आहे. मंडळ स्वतःची वीज स्वतःच्याच तारांत सोडी. किती सोडली हे त्याला ठाऊक होते; शहरांत आणि कारखान्यांत किती मोजून विकली हेही ठाऊक होते. उरलेल्या विजेत तीन गोष्टी होत्या : शेतीने वापरलेली, तारांत गळालेली आणि चोरीला गेलेली. तिघींची मिळून बेरीज माहीत, वाटणी माहीत नाही. शेतीचा वापर फुगवून दाखवला की गळती आणि चोरी आपोआप कमी दिसे. कित्येक वर्षे मंडळाची गळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली गेली. १९९९ साली स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगापुढे २००० साली पहिल्या दरनिश्चितीची सुनावणी झाली, ग्राहक संघटनांनी आकडे उलटेपालटे करून तपासले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे पुढे आले. शेतकऱ्याच्या नावावर एवढी वर्षे काय काय खपवले गेले होते, ते त्या एका सुनावणीत दिसले.

मुळा-प्रवरेला असे खपवणे शक्यच नव्हते. ती वीज विकत घेत होती आणि घेतलेल्या विजेचे बिल मंडळाच्या मीटरवरून, युनिटागणिक येत होते. तिच्या टापूत उद्योग थोडे, शेतीपंप भरमसाट. घेताना मोजून घ्यायचे, देताना न मोजता द्यायचे, आणि देण्याचा भाव मुंबईत ठरायचा. निवडणुकीच्या आधी राज्यात कोणीतरी शेतीचे दर उतरवणार. त्याची झळ मंडळाला बसली तर सरकारी तिजोरीकडे बोट दाखवता येई, संस्थेला बसली तर ती थकबाकी म्हणून तिच्याच नावावर चढे. एकाच आजाराला मंडळाच्या वहीत ‘शेतीचा वापर’ म्हणत आणि संस्थेच्या वहीत ‘देणे’.

संस्थेचे म्हणणे असे की तिला लागणारा घाऊक दर तिच्या ग्राहकांच्या ऐपतीशी मेळ खाणारा नाही. या म्हणण्यात तथ्य होते. ठोक पुरवठादार एकच, तोच शेजारच्या टापूत तिचा तुल्यबळ वितरक, आणि दराच्या वादात प्रतिपक्षही तोच. सिरसिल्लाचे उदाहरण घ्यावे. तेथे यंत्रमाग आणि शेती यांवर जगणारी वीजसंस्था आजही चालू आहे, आणि तिच्यासारख्या संस्थांसाठी नियामक आयोग घाऊक खरेदीचा वेगळा, सवलतीचा दर ठरवत आला आहे. महाराष्ट्रात असा तोडगा वेळेवर निघाला असता तर थकबाकीचा डोंगर एवढा झाला नसता.

पण थकबाकी मुळीच झाली नसती असे म्हणणे मात्र स्वतःची फसवणूक ठरेल. बाहेरून अन्याय होत होता तेव्हा आत काय चालले होते, हाही प्रश्न आहे. ज्यांनी वीजबिल वसूल करायचे त्यांनाच त्या सभासदांकडून मते मागायची होती. आणि ती केवळ वीजसंस्थेसाठी नव्हेत. साखरपट्ट्यात कारखाना, बँक, दूधसंघ, शिक्षणसंस्था आणि विधानसभेची जागा ही एकाच माळेची मणी असतात. आकडा टाकणाऱ्याची तार उतरवायला गेलेल्या वायरमनला वरून निरोप येतो, हे या माळेत अटळ आहे. हा दोष कोणा एका घराण्याचा किंवा एका तालुक्याचा मानणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. जेथे जेथे आर्थिक संस्था ही राजकीय सत्तेची शिडी झाली तेथे तेथे हेच घडले.

आणि सभासद? तो सभेत काय विचारणार होता? साखर कारखान्याचा सभासद उसाचा वजनकाटा ओळखतो. टनाला काय भाव निघाला, शेजारच्या कारखान्याने काय दिला, हे त्याला तोंडपाठ असते. म्हणून तेथे कितीही सत्ता एकवटली तरी सभेत एखादा आवाज उठतोच. वीजसंस्थेत सभासदाच्या हाती वजनकाटाच उरला नव्हता. आपल्या डीपीवर किती वीज आली, किती विकली गेली, किती गळाली, हे सांगणारा आकडाच नाही. मग अहवालातील तुटीला हात वर करण्यापलीकडे तो काय करणार? मीटर हे केवळ वसुलीचे साधन मानले गेले, ही चूक संस्थेची होती, सरकारची होती आणि चळवळीचीही होती. संचालकाला जाब विचारण्याचे सभासदाचे एकमेव साधन तेच होते.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. वीजसंस्थेचा सभासद म्हणजे वीजजोड असलेला माणूस. ज्याला विहीर नाही, ज्याच्या झोपडीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘कुटीर ज्योती’ योजना आली तेव्हा कुठे एका दिव्याची आशा निर्माण झाली, तो शेतमजूर या सहकाराच्या बाहेरच होता. घरातील जोड नवऱ्याच्या नावावर, म्हणून बाईही बाहेर. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व पाळले गेले तरी सभासद कोण, हे विहिरीने ठरवले. त्याच सुमारास, १९७४ पासून, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे तर माणशी करत होती, भूमिहीनाचाही हिस्सा मानत होती आणि उसाला पाणी नाकारत होती. उपसा योजनेची मोटर त्यांचीही विजेवरच चाले. वीजसंस्थेला हा विचार शिवला असता तर तिचा इतिहास निराळा झाला असता. पण ऊस हाच ज्या सहकाराचा प्राण, त्याने ऊस नाकारणाऱ्याकडून धडा घ्यावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

शेजारच्या बांगलादेशाने १९७७ साली, त्याच अमेरिकी संघटनेच्या मदतीने, ‘पल्ली विद्युत समिती’ या नावाने हाच प्रयोग सुरू केला. आज तेथे ऐंशी समित्या आहेत आणि ग्रामीण भागाचा फार मोठा हिस्सा त्यांच्याकडे आहे. प्रत्येक समितीला गळती, वसुली, नवे जोड यांची उद्दिष्टे दरवर्षी लेखी बांधून दिली जात आणि जोड मीटरवर दिला जाई. तेथेही सर्व आलबेल नाही. वर बसलेल्या मंडळाविरुद्ध समित्यांच्या कर्मचाऱ्यांचा असंतोष २०२४ साली रस्त्यावर आला. पण गरीब देशातले खेडे सहकारी वीज चालवूच शकत नाही, हे म्हणणे त्या ऐंशी समित्यांनी खोटे पाडले आहे.

मुळा-प्रवरेचा परवाना संपत आला तेव्हा नियामक आयोगापुढे संस्था आणि महावितरण दोघेही उभे होते. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली होती. आयोगाने जानेवारी २०११ मध्ये कौल महावितरणच्या बाजूने दिला. तारा, खांब, रोहित्रे संस्थेची आणि त्यांतून जाणारी वीज महावितरणची, अशी चमत्कारिक अवस्था आली. तारांच्या वापराचे भाडे किती, हा वाद मग आयोग आणि न्यायाधिकरण यांच्याकडे गेला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा प्रश्न लोंबकळत राहिला. खांबावर चढून ज्यांनी संस्था चालवली त्यांचे काय होणार, हा प्रश्न दोन्ही सुरांच्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

हे सर्व आठवण्याचे आज कारण आहे. जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वितरण एका खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले. नवी मुंबई परिसरात खासगी कंपनीने समांतर परवाना मागितल्यावर जानेवारी २०२३ मध्ये वीज कामगारांनी संप पुकारला. ही कंपनीही फायद्याची गिऱ्हाइकेच शोधत येते. अमेरिकेतील आकसाच्या तारांची ती नवी आवृत्ती आहे. दुसरीकडे २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत विजेची योजना जाहीर केली. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, यात शंका नाही. मोजमापाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला; किंबहुना बिलच शून्य झाल्यावर मीटर पाहण्याचे कारण आणखी एकाने कमी झाले. सरकार कंपनीला अनुदान देणार ते कोणत्या आकड्यावर? तो आकडा फुगवलेला नाही, हे कोण तपासणार?

शेतीचे फीडर वेगळे करून त्यांवर सौरप्रकल्प उभारण्याची योजनाही जोरात आहे. जुन्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत तिचा आरंभीचा प्रकल्प झाला. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची जुनी मागणी त्यातून काही अंशी पुरी होते. पण बहुतेक ठिकाणी प्रकल्प खासगी विकासकाचा, जमीन भाड्याची, आणि शेतकरी केवळ लाभार्थी. १९६९ साली तो निदान सभासद होता. २००३च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमात पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत स्थानिक वितरण करण्याची तरतूद आहे. फीडर लहान, निर्मिती गावातच, मीटर एकच : मुळा-प्रवरेला जे मिळाले नाही ते, म्हणजे स्वतःच्या विजेवरचा हक्क, मिळवण्याची तांत्रिक सोय आज पहिल्यांदा झाली आहे. त्या संस्थेत मजुराच्या घरालाही सभासदत्व असावे, आणि पंपाच्या अश्वशक्तीवर मतांचे वजन वाढू नये, हे आरंभीच लिहून घ्यावे लागेल. नंतर ते कोणी लिहू देणार नाही.

संस्था काढण्याइतके बळ ज्या तालुक्यात नाही, तेथेही एक काम करता येते. गावाच्या शेती फीडरवर मीटर असतो. त्यावर महिन्याला किती युनिट चढले आणि त्या फीडरवर किती मोटारी आहेत, हे दोन आकडे वीज कंपनीकडून माहितीच्या अधिकारात मागून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहावेत. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते लिहिले गेले, तर शेतीच्या नावावर किती वीज दाखवली जाते आणि प्रत्यक्ष शेतात किती पोचते, याबद्दल ग्रामसभेत बोलायला पुरेसे साहित्य जमा होईल.